बेनाला आणि परिसरातील सायलोंवरची चित्रे : एका दिवसात काय पाहावे?

निळीवाट यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही मेलबर्नमध्ये राहतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला माझे सासू-सासरे भारतातून येत आहेत. सासरे शाळेत चित्रकला शिकवत असत. धान्याच्या उंच कोठारांवर, म्हणजे इथे ज्यांना सायलो म्हणतात त्यांच्यावर, रंगवलेली प्रचंड चित्रे त्यांनी छायाचित्रांतून पाहिली आहेत आणि ती प्रत्यक्ष पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे. फोनवर त्यांनी विचारलेला पहिलाच प्रश्न असा होता, की अमुक एक चित्र अमुकच गावात का काढले आणि ते कोणी ठरवले? मला उत्तर देता आले नाही.

आमच्याकडे एकच दिवस आहे. व्हिक्टोरियाच्या पश्चिमेकडील विमेरा-मॅली भागातला प्रसिद्ध सायलो मार्ग आणि ईशान्येकडील बेनाला, असे दोन पर्याय माझ्या मनात आहेत. सासऱ्यांना सलग फार चालवत नाही, मात्र थांबत थांबत तास-दीड तास ते आनंदाने फिरतात. सासूबाईंना बागा आणि पक्षी यांची आवड आहे. गाडी आमची आहे, पण दोघांनाही आगगाडीचा प्रवास आवडतो, म्हणून तोही विचार आहे. गाडीतून उतरणे, फोटो काढणे आणि पुढच्या ठिकाणी पळणे असा दिवस मला नको आहे. ज्यांनी हा भाग नीट पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गेरू यांचे उत्तर

नमस्कार निळीवाट. तुमच्या सासऱ्यांनी विचारलेला प्रश्न हाच या सहलीचा धागा धरावा, असे मी सुचवेन, कारण त्या प्रश्नाचे उत्तर बेनालाच्या परिसरात एका दिवसात पायाखालून जाईल एवढ्या अंतरात मिळते.

आधी पर्यायांविषयी. पश्चिमेकडील सायलो मार्ग रुपन्यूपपासून पॅचवोलॉकपर्यंत सुमारे २०० किलोमीटरचा आहे, आणि मेलबर्नहून त्याच्या पहिल्या टोकाला पोचायलाच साडेतीन तासांच्या आसपास लागतात. तो मार्ग सुंदर आहे, त्याचे महत्त्वही मोठे आहे. ऑस्ट्रेलियात सायलोंवरच्या चित्रांची सुरुवात २०१५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्थम येथे झाली असली, तरी व्हिक्टोरियात ही लाट आणली ती याच मार्गावरील ब्रिम येथील चित्राने. गीडो व्हॅन हेल्टन या चित्रकाराने २०१६ च्या आरंभी तिथल्या १९३९ मध्ये बांधलेल्या, वापरात नसलेल्या सायलोंवर चार शेतकरी आकृती रंगवल्या. परंतु वडीलधाऱ्या माणसांना घेऊन तो मार्ग एका दिवसात उरकणे म्हणजे नुसतेच अंतर कापणे होईल. तिथे एक मुक्काम हवाच. बेनाला मात्र ह्यूम फ्रीवेने सुमारे २१० किलोमीटरवर आहे आणि सव्वादोन-अडीच तासांत सहज गाठता येते.

बेनालात सकाळ पायी फिरण्यासाठी ठेवावी. २०१५ मध्ये इथे ‘वॉल टू वॉल’ हा भित्तिचित्रांचा महोत्सव पहिल्यांदा भरला. देशातले आणि परदेशातले चित्रकार गावात येऊन राहिले आणि दुकानांच्या मागच्या भिंती, गल्लीबोळ, गाड्या लावण्याच्या जागा अशा एरवी कोणी मान वर करून न पाहणाऱ्या पृष्ठभागांवर त्यांनी दिवसाढवळ्या, लोकांच्या समोर काम केले. पुढच्या काही वर्षांत भिंतींची भर पडत गेली. महोत्सव चालू नसतानाही चित्रे बघायला मिळतातच. फक्त जुने चित्र पुसून त्याजागी नवे येण्याची शक्यता असते. म्हणून माहिती केंद्रातून ताजा नकाशा घ्यावा. सगळ्या भिंती गाठण्याचा अट्टहास मात्र करू नये. पाच-सहा निवडाव्यात आणि प्रत्येक भिंतीपाशी दोनदा उभे राहावे, एकदा रस्त्यापलीकडून आणि एकदा हाताच्या अंतरावरून. लांबून जो गाल किंवा जे डोळे अगदी गुळगुळीत वाटतात, ते जवळ गेल्यावर स्प्रेच्या धुरकट पट्ट्यांत विरघळून जातात. विटांमधल्या चुन्याच्या खाचांत रंग नीट पोचलेला नसतो, पावसाच्या नळाला वळसा घालून एखादी रेघ पुढे गेलेली असते. चित्रकला शिकवलेल्या माणसाला हे पाहण्यात जो आनंद मिळेल, तो छायाचित्रात मिळणार नाही.

बेनाला वनस्पती उद्यानात गुलाबांचे ताटवे आहेत आणि नोव्हेंबर हा त्यांच्या बहराचा काळ आहे, तेव्हा सासूबाईंसाठी ती जागा राखून ठेवा. याच उद्यानात सर एडवर्ड ‘वीअरी’ डनलॉप यांचे शिल्प आहे. ते या भागात शेतावर वाढले आणि बेनालाच्या हायस्कुलात शिकले. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याच्या कैदेत असताना त्यांनी ब्रह्मदेश-थायलंड रेल्वेवर राबवल्या जाणाऱ्या युद्धकैद्यांवर अत्यंत तुटपुंज्या साधनांनी शस्त्रक्रिया केल्या, त्यांची शुश्रूषा केली. हे शिल्प लक्षात ठेवा, दुपारी त्याचा संबंध लागेल.

दुपारचा मार्ग असा आहे. बेनालाहून उत्तरेकडे गूरंबॅट, डेव्हनिश, सेंट जेम्स आणि तुंगामाह ही छोटी गावे एका रांगेत येतात. ती रांग योगायोगाने झालेली नाही. बेनाला ते सेंट जेम्स हा लोहमार्ग १८८३ मध्ये सुरू झाला आणि १८८६ मध्ये तो यारावोंगापर्यंत नेण्यात आला. गहू शेतातून स्थानकापर्यंत गाडीने आणायचा आणि तिथून रेल्वेने बंदराकडे पाठवायचा, अशी ती व्यवस्था होती. पूर्वी पोती भरली जात. विसाव्या शतकात धान्य सुटेच साठवण्याची आणि हलवण्याची पद्धत आली, तेव्हा स्थानकांलगत काँक्रीटची ही उंच नळकांडी उभी राहिली. म्हणजे आज आपण ज्याला चित्रांचा मार्ग म्हणतो, तो मुळात गव्हाचा मार्ग आहे. सासऱ्यांच्या ‘इथेच का’ या प्रश्नाचा अर्धा उलगडा इथे होतो : चित्र रंगवण्याजोगी ती एवढी मोठी भिंत त्या गावात का आली, ते कळते.

उरलेला अर्धा भाग प्रत्येक गावाने आपापल्या परीने सोडवला आहे. गूरंबॅटच्या सायलोवर जिमी डीव्हेट यांनी बार्किंग आऊल जातीचे घुबड रंगवले आहे. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज काढणारा हा पक्षी व्हिक्टोरियात दुर्मीळ होत चालला आहे, कारण त्याला घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात आणि शेतीसाठी जमीन मोकळी करताना अशी झाडे मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. ज्या गव्हासाठी झाडे गेली, त्याच गव्हाच्या कोठारावर त्या घुबडाला जागा मिळावी, ही निवड मला फार मोलाची वाटते. शेजारच्या सायलोवर क्लाइड्सडेल जातीचे शेतकामाचे घोडे आहेत. त्यांच्या पायांवरचे दाट पांढरे केस आणि साजाचे चामडे इतक्या बारकाईने उतरवले आहे की, आपण काँक्रीटच्या गोलाईवर रंगवलेले काही पाहतो आहोत, याचा काही क्षण विसर पडतो. सासऱ्यांना इथे एक प्रयोग करायला सांगा. एका जागी उभे न राहता त्यांनी सायलोच्या डावीकडून उजवीकडे सावकाश चालत जावे आणि कडेचा भाग वळणाआड कसा आकसत जातो, ते पाहावे. सपाट कागदावरचे रेखाटन गोल भिंतीवर नेताना चित्रकाराला नेमका याच आकसण्याचा हिशोब ठेवावा लागतो, आणि तोही उचलयंत्राच्या पाळण्यात उभे राहून, जिथून एका वेळी चित्राचा जेमतेम हातभर तुकडा दिसतो.

गूरंबॅटच्या लहानशा युनायटिंग चर्चमध्ये आतल्या भिंतीवर ॲडनेट यांनी ‘सोफिया’ हे स्त्रीचे भव्य चित्र काढले आहे. दार उघडे असते का, याची चौकशी बेनालाच्या माहिती केंद्रात आधीच करून घ्यावी. प्रार्थनेची जागा असल्यामुळे तिथे शांतता पाळावी, हे वेगळे सांगायला नको.

डेव्हनिश येथे कॅमेरॉन स्केल यांनी पहिल्या महायुद्धातील परिचारिका आणि आजच्या सैन्यातील वैद्यकीय सेवेतली स्त्री, अशा दोन आकृती शेजारी शेजारी रंगवल्या आहेत. २०१८ च्या अँझॅक दिनाच्या, म्हणजे युद्धातील सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, सुमारास हे काम लोकांसमोर आले. ऑस्ट्रेलियात जवळजवळ प्रत्येक गावात युद्धस्मारक असते आणि त्यावर बहुधा बंदूक घेतलेला सैनिक असतो. डेव्हनिशने जखमींची सेवा करणाऱ्या स्त्रियांना सर्वांत उंच जागी बसवले. सकाळी पाहिलेले डनलॉप यांचे शिल्प इथे आठवेल. सेंट जेम्स येथे बेनालाचे चित्रकार टिम बोटेल यांनी जॉर्ज कोल्स यांचे चित्र केले आहे. पुढे देशभर पसरलेल्या कोल्स दुकानांचे हे संस्थापक. त्यांच्या वडिलांचे दुकान सेंट जेम्समध्ये होते आणि व्यापाराचे पहिले धडे त्यांनी तिथेच गिरवले.

मी हे तीन थांबे घेऊन परत फिरावे, असे सुचवेन. तुंगामाह आणखी पुढे आहे.

पाणपक्षी यांचे उत्तर

गेरू यांनी सायलोंविषयी लिहिलेले मला मनापासून पटले, पण बेनालातील सर्वांत महत्त्वाची कलाकृती त्यांच्या उत्तरातून राहून गेली आहे, असे मला ठामपणे वाटते. बेनाला तळ्याच्या काठावर मातीचे भाजीव काम करून उभारलेले एक भित्तिशिल्प आहे, जे ‘बेनाला सिरॅमिक म्युरल’ या नावाने ओळखले जाते. मृत्तिकाकार ज्युडी लोरेन यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात त्याचे काम सुरू झाले आणि गावातल्या असंख्य लोकांचे हात त्याला लागले. स्पेनमधील गाऊदी या वास्तुकाराच्या वळणदार, फरशांच्या तुकड्यांनी मढवलेल्या रचनांचा प्रभाव त्यावर स्पष्ट दिसतो. त्यात सरळ भिंत अशी जवळपास नाहीच. वळसे, कमानी, बसायच्या जागा, आत शिरायच्या फटी असे ते सगळे जिवंत बांधकाम आहे.

वाद घालण्याचा माझा हेतू नाही, पण सार्वजनिक कला म्हणून मी याला सायलोंच्या वर स्थान देते, आणि त्याची कारणे सांगते. सायलोवरचे चित्र कितीही उत्तम असले तरी ते कुंपणाबाहेरून, मान वर करून पाहायचे असते. गावाने विषय सुचवलेला असतो, पण हात बाहेरून आलेल्या चित्रकाराचा असतो. या भित्तिशिल्पाला आपण स्पर्श करू शकतो. त्यावर बोटे फिरवली की, एका फरशीवर कोणाच्या अंगठ्याचा दाब लागतो, दुसरीवर पान ओल्या मातीत दाबून उमटवलेली शिरांची जाळी लागते, तिसरीवर झिलई ओघळून घट्ट झालेला निळा थेंब लागतो. मुले त्यावर चढतात, त्यांना कोणी हटकत नाही. शिवाय उन्हाने भिंतीवरचा रंग फिका होत जातो, भाजलेल्या मातीचा मात्र होत नाही. तुमच्या सासऱ्यांना फार चालवत नाही ना, मग त्यांना इथे निवांत बसू द्या. गावातील भित्तिचित्रांच्या दोन-तीन भिंती कमी पाहिल्या तरी चालतील.

तळ्याविषयीही थोडे सांगते. ब्रोकन नदीवर बांध घालून १९७० च्या दशकात हे तळे तयार केले गेले. काठावरच बेनाला आर्ट गॅलरी आहे. तिच्या वेळा आणि चालू प्रदर्शन यांची माहिती निघण्यापूर्वी पाहून घ्यावी. सासूबाईंना काठाने चालताना बदके, पाणकावळे सहज दिसतील.

पक्ष्यांची आवड आहे म्हणून विंटन वेटलँड्सचाही विचार करा. बेनालाहून ते अगदी जवळ आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथली नैसर्गिक पाणथळ जमीन बुडवून मोकोअन नावाचा जलाशय केला होता, त्यात रेड गम या निलगिरीच्या जातीची हजारो झाडे उभ्या उभ्या मेली. पुढे तो जलाशय मोडीत काढण्यात आला आणि आता पाणथळ प्रदेश पूर्ववत करण्याचे काम चालू आहे. ती करडी, निष्पर्ण झाडे अजून उभी आहेत. तिथेच पाण्याच्या एका टाकीवर गीडो व्हॅन हेल्टन यांनी स्थानिक स्वयंसेवक अग्निशामकांची चित्रे रंगवली आहेत, करड्या-तपकिरी छटांत, इतकी शांत की मागच्या झाडांच्या रंगात ती मिसळून जातात. ब्रिमला जाता येत नसेल, तर त्याच चित्रकाराचे काम इथे पाहता येईल.

दुर्बीण यांचे उत्तर

काही व्यावहारिक बाबी मांडतो.

आगगाडीने बेनालाला जाणे पूर्णपणे शक्य आहे. सदर्न क्रॉस स्थानकावरून ऑलबरीकडे जाणारी व्ही/लाइनची, म्हणजे व्हिक्टोरियाच्या प्रादेशिक रेल्वेसेवेची, गाडी तिथे थांबते. ३१ मार्च २०२३ पासून प्रादेशिक प्रवासाच्या भाड्याला मेलबर्न महानगराच्या दैनिक भाड्याइतकी कमाल मर्यादा लागू झाली आहे, त्यामुळे पेट्रोलपेक्षा हा प्रवास बराच स्वस्त पडतो. या मार्गावर आसन आधी आरक्षित करावे लागते. परंतु आगगाडीने गेलात तर बेनाला गावच पाहून होईल. सायलोंकडे नेणारी सोयीची सार्वजनिक वाहतूक नाही. सासऱ्यांचा जीव सायलोंत गुंतला असल्याने गाडीच न्यावी.

नोव्हेंबरमध्ये या भागात कापणीचा हंगाम सुरू होतो. अरुंद रस्त्यांवर धान्याने भरलेले लांबलचक ट्रक येतात आणि त्यांना पटकन थांबता येत नाही. फोटोसाठी रस्त्याच्या कडेला कुठेही गाडी उभी करू नये. बहुतेक गावांत सायलोसमोर त्यासाठी जागा केलेली आहे. कुंपण ओलांडू नये, कारण रंगवलेले सगळेच सायलो निवृत्त झालेले नसतात. उंच गवतात पाय घालू नये, साप असतात. बंद बूट, टोपी आणि भरपूर पाणी हवे. छोट्या गावांत खाण्याची सोय होईलच असे गृहीत धरू नये, जेवण बेनालातच उरकावे. सूर्यास्त आठच्या सुमारास होतो, मात्र संध्याकाळच्या तिरप्या उजेडात कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून त्याआधी फ्रीवेला लागलेले बरे.

सासरे चित्रकार आहेत म्हणून छायाचित्रांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या १९६८ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पांचे छायाचित्र किंवा रेखाटन करण्याची मुभा आहे, परंतु भिंतीवरची चित्रे त्या सवलतीत येत नाहीत. घरच्या संग्रहासाठी फोटो काढायला कोणी अडवत नाही. तीच छायाचित्रे दिनदर्शिकेत किंवा भेटकार्डावर छापून विकायची असतील, तर मात्र चित्रकाराची परवानगी घ्यावी लागते. आणि छायाचित्र कुठेही दाखवताना चित्रकाराचे नाव सोबत द्यावे. सायलो कोणत्या गावातला, एवढेच लिहून लोक थांबतात, ते मला खटकते.

निळीवाट यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. सासऱ्यांना गव्हाच्या लोहमार्गाची हकिगत फोनवर वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी लगेच नकाशा मागवून घेतला. आता आम्ही असे ठरवत आहोत : सकाळी लवकर निघून आधी तळ्याकाठचे सिरॅमिक म्युरल, मग उद्यान, जेवणाआधी गावातल्या चार-पाच भिंती, आणि दुपारी गूरंबॅट, डेव्हनिश, सेंट जेम्स. विंटनसाठी वेळ उरेल असे वाटत नाही.

दोन शंका आहेत. सासूबाई तुंगामाहच्या सायलोवरील पक्ष्यांविषयी विचारत आहेत. केवळ त्यासाठी पुढे जावे का? आणि सासऱ्यांना एखाद्या सायलोसमोर बसून रेखाटन करायचे आहे, तर कोणते ठिकाण योग्य?

गेरू यांचे उत्तर

पाणपक्षी यांनी सिरॅमिक म्युरलची आठवण करून दिली, ते फार चांगले झाले; त्याला सकाळची पहिली वेळ दिलीत, हेही योग्यच.

तुंगामाहचा सायलो सोब्रेन या चित्रकर्तीने २०१८ मध्ये रंगवला. त्यावर नाचणारे ब्रोल्गा आहेत, कूकाबरा आहे, आणि रंग इतके खुले व उजळ आहेत की गूरंबॅटच्या गंभीर घुबडानंतर ते पाहणे वेगळाच अनुभव ठरतो. ब्रोल्गा हा सारस कुळातला पक्षी. आपल्याकडे सारस पाहिलेल्या माणसाला त्याची लाल डोक्याची, करड्या अंगाची ठेवण लगेच ओळखीची वाटेल. सासूबाईंची इच्छा असेल तर सेंट जेम्सला फार वेळ न घालवता तुंगामाहला जावेच. या सहलीत चित्रांची आवड एकाची आणि पक्ष्यांची दुसऱ्याची आहे, तेव्हा एक थांबा पूर्णपणे त्यांच्यासाठी असणे मला रास्त वाटते. परतताना आलेल्याच रस्त्याने बेनालाला या आणि तिथून फ्रीवे धरा.

रेखाटनासाठी माझी निवड गूरंबॅट. घुबड आणि घोडे, पिसे आणि आयाळ, असे दोन निराळे पोत एकाच जागेवरून दिसतात, आणि थांबायला जागा आहे. घडीची खुर्ची सोबत न्यावी. सायलोच्या फार जवळ बसू नये. चित्राच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर ठेवले, तर वरचा भाग निमुळता दिसत नाही आणि मानही अवघडत नाही. दुपारचे ऊन कागदावर थेट पडले की डोळे दिपतात, त्यासाठी एक छत्री असू द्यावी. त्यांना तिथे पाऊण तास तरी मिळेल, असा हिशोब धरून सकाळी सातच्या आत घर सोडावे.